आधी सा सापडू द्या: ऐकून गिटारवर गाणं बसवताना

गिटार घेऊन सहा-आठ महिने झाले की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. सी, जी, डी, ए मायनर, ई मायनर हे कॉर्ड हाताला बसलेले असतात, एकावरून दुसऱ्यावर जाताना पहिल्यासारखा खोळंबाही होत नाही. पण आवडीचं गाणं वाजवायचं म्हटलं की आधी मोबाइल उघडायचा, गाण्याच्या नावापुढे ‘कॉर्ड्स’ लिहायचं आणि जे समोर येईल ते वाजवायचं. गाजलेल्या हिंदी-इंग्रजी गाण्यांचं त्यात निभतं. एखादं जुनं भावगीत किंवा घरातली आरती शोधायला गेलात, तर बऱ्याचदा काहीच मिळत नाही, आणि मिळालंच तर ते कुणीतरी घाईत लिहिलेलं असतं.

असंच एक गाणं मी दोन संध्याकाळ घोटलं होतं. मित्राकडे गेलो तेव्हा त्याच्या आईनं पेटीवर तेच धरलं. मी गिटार काढली, आणि पहिल्याच ओळीला आमचं दोघांचं असं फाटलं की त्या हात थांबवून म्हणाल्या, “तुझा सा कुठाय रे?” मला गाण्यातले सगळे कॉर्ड पाठ होते. सा कुठे आहे, ते माहीत नव्हतं. ऐकून गाणं बसवणं शिकायला मी लागलो ते त्या दिवसापासून, आणि आजही माझी सुरुवात त्याच प्रश्नानं होते. हात गिटारवर नंतर जातो. आधी गळा.

हाताशी काय हवं

गिटार सुरात लावलेली हवी. जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई. मोबाइलवरचा कुठलाही ट्यूनर चालेल, फक्त त्यात ए हा सूर ४४० हर्ट्झवर ठेवलेला आहे ना, ते बघा.

दुसरी गोष्ट हेडफोन, आणि त्याला पर्याय नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते, आपल्या गिटारची जाड तार ८२ वर. मोबाइलचा इवलासा स्पीकर हे सूर नीट उमटवूच शकत नाही. आणि कॉर्ड ओळखायची किल्ली तर नेमकी तिथेच, खाली असते.

तिसरी गोष्ट, गाणं हळू करायची सोय. यूट्यूबवर वेग ०.७५ किंवा ०.५ करता येतो आणि सूर तोच राहतो. संगणक असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात वेग आणि सूर वेगवेगळे बदलता येतात, हवा तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवता येतो. पूर्वी वादक मंडळी ३३ फेऱ्यांची एलपी १६ च्या वेगावर लावून अवघड जागा उतरवून घेत. वेग निम्मा झाला की सूर बरोबर एक सप्तक खाली जातो, त्यामुळे स्वरांची नावं बदलत नाहीत. आपल्याला तेवढा खटाटोप करायला नको.

आणि एक वही.

सा कसा सापडतो

गाण्याचं ध्रुवपद ऐका. ओळ संपून गाणं जिथे टेकतं, जिथे ‘आता पुढे काही नाही आलं तरी चालेल’ असं वाटतं, तिथे गाणं थांबवा आणि तो सूर गुणगुणत राहा. तोंड मिटून, नुसता हुंकार. आता गिटारच्या सर्वांत जाड तारेवर मोकळ्या सुरापासून एकेक फ्रेट वर चढत जा. बाराव्या फ्रेटपर्यंत सगळे बारा सूर येऊन जातात, तेव्हा तुमचा सूर त्यातला एक असणारच. बाई गात असेल तर तुम्हाला तो सूर एका सप्तकाच्या फरकानं मिळेल, त्यानं बिघडत नाही.

घरात पेटी असेल, किंवा भजनी मंडळात उठबस असेल, तर ही जुळणी एकदा वहीत लिहूनच ठेवा. जाड तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे जी, पेटीवरची पांढरी पाच. चौथा जी शार्प, काळी चार. पाचवा ए, पांढरी सहा. सहावा ए शार्प, काळी पाच. आठवा सी, पांढरी एक. नववा सी शार्प, काळी एक. अकरावा डी शार्प, काळी दोन. ‘आज काळी चारला घ्या’ असं कुणी म्हणालं की गिटारवाल्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ दिसतो, तो या सात वाक्यांनी मिटतो.

सापडलेला सूर खरंच सा आहे का, ते तपासायला मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप त्या पट्टीत लावा आणि त्यावर अख्खं ध्रुवपद म्हणा. सा चुकला असेल तर कुठेतरी खुपतंच. नवशिक्यांची चूक बहुधा दोन प्रकारची असते. एक म्हणजे पंचमाला सा समजणं. दुसरी म्हणजे गाण्याचा पहिला सूर तोच सा, असं धरून चालणं. गाणी कुठूनही सुरू होतात, टेकतात मात्र बहुतेक वेळा सा वर.

सा पक्का झाला की त्यापुढचा प्रश्न गंधाराचा. गाण्यातला ग सा पासून चार फ्रेट वर आहे की तीन? चार असेल तर शुद्ध ग, म्हणजे गाणं मेजरमध्ये. तीन असेल तर कोमल ग, म्हणजे मायनर. शास्त्रीय संगीत शिकलेल्यांना मेजर-मायनर हे काहीतरी परकं प्रकरण वाटतं, पण बव्हंशी ते एवढंच आहे.

या सगळ्याचा सराव गाण्याशिवायही होतो. रात्री सोसायटीतल्या ट्रान्सफॉर्मरजवळ उभे राहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची घूं त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झवर येते. जाड तारेचा तिसरा फ्रेट ९८ वर वाजतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मर गातो जी, जरासा चढा. हा चढेपणा ज्या दिवशी कानाला कळेल, त्या दिवशी कान तयार व्हायला लागला असं समजा. (शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.)

पहिला धडा: वाढदिवसाचं गाणं

रेकॉर्डवरच्या गाण्याला हात घालण्याआधी ‘हॅप्पी बर्थडे’ बसवा. हसू नका. प्रत्येक घरात ते पाठ असतं, चार ओळींचं आहे, आणि नवशिका जिथे जिथे आपटतो त्या सगळ्या जागा त्यात आहेत.

सा जी वर धरा. सूर असे येतात:

प प ध प सा नी
प प ध प रे सा
प प प ग सा नी ध
म म ग सा रे सा

गाणं प पासून सुरू होतं, तोही खालच्या सप्तकातला. पहिल्या सुराला सा समजलात तर इथेच फसलात. शेवटचा सूर मात्र सा. तिसऱ्या ओळीतला तिसरा प वरचा आहे, म्हणजे एका उडीत पूर्ण सप्तक; पार्टीत सगळ्यांचे आवाज नेमके तिथेच फाटतात.

गिटारवर हे सगळं पहिल्या चार फ्रेटमध्ये बसतं. खालचा प म्हणजे डीची मोकळी तार, ध तिचाच दुसरा फ्रेट, नी चौथा. सा जीची मोकळी तार, रे तिचा दुसरा फ्रेट. ग बीची मोकळी तार, म तिचा पहिला फ्रेट, वरचा प तिसरा. पण हे वाचून वाजवू नका. आधी गुणगुणा, मग शोधा, आणि शेवटी इथे येऊन ताडून बघा.

आता कॉर्ड. पूर्ण गाण्याला तीनच लागतात: जी, सी आणि डी. ओळ म्हणत राहा, जी वाजवत राहा, आणि कुठे बोचतंय ते ऐका. पहिल्या ओळीत ‘यू’वर बोचेल, कारण तिथला नी हा जी कॉर्डमध्ये नाही, डीमध्ये आहे. दुसरी ओळ डीवरच सुरू होऊन ‘यू’ला जीवर परत येते. तिसरीत जी, आणि जिचा वाढदिवस तिच्या नावावर सी. चौथीत ‘बर्थडे’ला जी, ‘टू’ला डी, शेवटच्या ‘यू’ला जी.

अजून एक गंमत पाहा. कॉर्ड ‘हॅप्पी’वर पडत नाही, ‘बर्थ’वर पडतो. ‘हॅप्पी’ हे दोन सूर समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीचे आहेत, मुखडा समेच्या आधी उचलतो ना, तसेच. पहिल्या शब्दालाच हात मारायची सवय लागली तर पुढे अर्ध्या गाण्यांत तुमचा ठेका एक पाऊल पुढे धावेल.

आता रेकॉर्डवरचं गाणं

पहिलं गाणं निवडताना हावरटपणा नको. एक गिटार, एक आवाज, फार तर कहोन (बसून वाजवायचा लाकडी खोका) किंवा तबला, असं काहीतरी घ्या. पन्नास व्हायोलिनचं गाणं पुढच्या वर्षी.

एका बैठकीत पूर्ण गाणं धरू नका. ध्रुवपदाची पहिली ओळ तेवढी फिरवत ठेवा आणि सर्वांत खालचा आवाज ऐका, बेसचा. तो गुणगुणा. शब्द नको, गायकाची चाल नको, फक्त खालचं धूम-धूम. मग दोन जाड तारांवर ते सूर शोधा. बेसवादक बहुतेक वेळा कॉर्डचा मूळ सूर समेवर देतो, त्यामुळे समेवरचे बेसचे सूर ओळीनं लिहून काढलेत की कॉर्डची अर्धी नावं वहीत आलीच. बेस ऐकूच येत नसेल तर ऑडॅसिटीत तो तुकडा बारा सेमीटोन, म्हणजे एक सप्तक, वर चढवा. गायक चिपमंकसारखा वाजेल, पण बेस एकदम समोर येऊन बसतो.

उरलेलं अर्धं नाव म्हणजे मेजर की मायनर. इथे अंदाजाला बराच आधार असतो. सा जी असेल आणि गाणं मेजरमध्ये असेल, तर घरचे, म्हणजे त्याच पट्टीच्या सुरांतून बनणारे, कॉर्ड सहा: जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर. बेसनं ए दिला तर आधी ए मायनर लावून बघायचं, ए मेजर नंतर. गाणं ए मायनरमध्ये असेल तर ए मायनर, सी, डी मायनर, एफ, जी ही घरची मंडळी, आणि ओळीच्या शेवटी घरी परतण्याआधी बरेचदा ई मेजर येतो. ई मायनर वाजवून तिथे फिकं वाटलं, तर ई मेजर लावून बघा. फरक एका बोटाचा आहे, पण गाणं खुलतं.

सर्वांत जास्त फसवतात त्या जोड्या. जी आणि ई मायनर यांच्यात तीनपैकी दोन सूर सारखे आहेत, तसेच सी आणि ए मायनर यांच्यात. त्यामुळे जीच्या जागी ई मायनर वाजवला तरी चुकल्यासारखं वाटत नाही, नुसतं जरा उदास वाटतं. अशा वेळी कानाशी वाद घालू नका, बेसला विचारा. खाली जी आहे की ई?

बेसही कधी कधी थापा मारतो. जीवरून ई मायनरला उतरताना तो मधे एफ शार्पवर पाऊल टाकून जाईल. ते पाऊल आहे, मुक्काम नाही. क्षणभर आलेल्या प्रत्येक सुरासाठी नवा कॉर्ड शोधत बसलात तर वेड लागेल.

जिथे कॉर्ड नसतातच

जुन्या भावगीतांची गोष्ट निराळी. अनेक रेकॉर्डिंगमध्ये चाल, तबला, पेटी, व्हायोलिन किंवा बासरी एवढंच असतं. बेस नाही, कॉर्ड नाहीत. तिथे कॉर्ड शोधायचे नसतात, ठरवायचे असतात. समेवर येणारा सूर ज्या कॉर्डमध्ये बसतो तो लावायचा, आणि शंका असेल तिथे कमी वाजवायचं.

रागाचा वास असलेल्या चालीत हे फार सांभाळावं लागतं. भूपात म आणि नी नाहीत. सा-ग-प हा कॉर्ड चालतो, ध-सा-ग हा मायनरही चालतो. पण प-नी-रे वाजवलात की नी घुसला, आणि भूपाची शोभा गेली. तिथे नी सोडून नुसते प आणि रे वाजवा. यमनात उलटी मौज आहे: तीव्र, म्हणजे एक फ्रेट चढ्या, म मुळे रे वरचा कॉर्ड मेजर होतो. सा जी असेल तर ए मायनरऐवजी ए मेजर. भैरवीत रे कोमल, म्हणून सा ई धरला तर ई मायनरनंतर लगेच एफ मेजर येऊ शकतो, आणि गिटारवर तो फार देखणा लागतो. माझं मत विचाराल तर भावगीताला दर दोन मात्रांना कॉर्ड बदलणारे लोक त्या गाण्याचा श्वास कोंडतात. ओळीला दोन कॉर्ड पुष्कळ झाले.

ठेका

डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवून ठेवा, दाबू नका, आणि उजव्या हातानं गाण्याबरोबर खाली-वर मारत राहा. नुसता खट-खट आवाज येईल. सुराची काळजी नसल्यामुळे हात ठेक्यावर मोकळा होतो. मात्रा मोजा. आठ येत असतील तर केरव्याची चाल, सहा असतील तर दादऱ्याची. वाढदिवसाचं गाणं तीन-तीनच्या झोक्यातलं, त्यामुळे त्याला आठाचं स्ट्रमिंग लावलंत तर ते लंगडतं. ठेका बसल्यावरच दाबलेले कॉर्ड त्यात आणा.

कॅपो, आणि फ्रेटच्या मधे अडकलेली गाणी

बेसनं सांगितलं की गाणं काळी एकमध्ये आहे, म्हणजे सी शार्प. मोकळ्या तारांचे सोपे कॉर्ड तिथे नाहीत. मग पहिल्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून सीचे आकार वाजवा, किंवा चौथ्याला लावून एचे. काळी चारला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जीचे आकार. काळी दोनला तिसऱ्यावर कॅपो आणि सीचे, काळी पाचला तिसऱ्यावर आणि जीचे. शक्यतो एफ टळेल असा पर्याय घ्या, बोटं दुवा देतील.

कधी कधी मात्र सूर कुठल्याच फ्रेटवर बसत नाही, दोघांच्या मधेच लोंबकळतो. अशा वेळी तुमच्या कानाला दोष देऊ नका. टेपचा वेग जरासा कमी-जास्त असला की सगळं गाणं चढतं किंवा उतरतं. यूट्यूबवर टाकलेल्या काही गाण्यांचा सूर तर मुद्दाम हलवलेला असतो. तेव्हा दुसरं रेकॉर्डिंग शोधा. नाहीच मिळालं तर ट्यूनर बाजूला ठेवा, एक तार त्या गाण्याच्या सा ला मिळवा आणि बाकीच्या तारा तिच्याशी जुळवा. बसवून झालं की परत ४४० वर या.

मूळ गाण्यातलं काय घ्यायचं

कॉर्ड आणि ठेका मिळाले म्हणजे साथ मिळाली. कव्हरसाठी अजून दोन निर्णय घ्यावे लागतात.

पहिला पट्टीचा. मूळ गायिका काळी चारला गात असेल आणि तुमचा आवाज काळी एकचा असेल तर तुमच्या पट्टीत घ्या. आकार तेच ठेवून कॅपो सरकवता आला तर उत्तम. अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर आधी गाऊन बघा आणि मगच पट्टी ठरवा. ध्रुवपदावरून ठरवणारे अंतऱ्यात किंचाळतात.

दुसरा, सुरुवातीच्या म्युझिकचा. व्हायोलिनचा सोळा सुरांचा तुकडा जसाच्या तसा गिटारवर आणायला जाऊ नका. त्यातले ज्यांच्यावर वजन आहे ते चार-पाच सूर वरच्या दोन तारांवर वाजवा, खाली कॉर्डचा मूळ सूर अंगठ्यानं धरा. ऐकणाऱ्याला गाणं तेवढ्यावर ओळखू येतं.

मग मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, मूळ गाणं न लावता, आपलं ऐका. रात्री बरोबर वाटलेला एखादा ई मायनर सकाळी उघडा पडतो.

वहीत शब्द लिहून ज्या अक्षरावर कॉर्ड बदलतो, बरोबर त्याच्या डोक्यावर कॉर्डचं नाव टाका. ओळीच्या सुरुवातीला एकत्र लिहून ठेवलेले कॉर्ड महिन्याभरानं काही सांगत नाहीत. आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ असू द्या. माझ्या वहीत ती अशी असते: सा काळी चार, कॅपो १, जीचे आकार, केरवा, उचल दोन मात्रांची, अंतऱ्यातला तिसरा कॉर्ड अजून नक्की नाही.